राबाची राख, म्हशीचं शेण, नदीचं पाणी

वैशाखात कर्जत लोकलने बदलापूर सोडलं की खिडकीतून धुराचा वास येतो. शेजारच्या मुलाने रुमाल नाकाला लावला आणि म्हणाला, कुणीतरी कचरा पेटवलाय. समोर एक मावशी बसल्या होत्या. उल्हासनगरच्या बाजारात करवंदं विकून रिकामी पाटी घेऊन त्या वांगणीला परत चालल्या होत्या. त्या लगेच म्हणाल्या, "कचरा नाय रे बाबा, राब हाय तो. भाताचा."

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'कडा' हा विषय दिला, तेव्हा मी हीच कडा निवडली. इथे मुंबईच्या लोकलला लागून उभ्या राहिलेल्या इमारती संपतात आणि भाताची खाचरं सुरू होतात. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही तिन्ही नावं ऐकली की शेती कुणाच्या मनात येत नाही. पण उल्हास नदी कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर असं करत याच शहरांकडे येते आणि तिच्या दोन्ही काठांना अजून नांगर चालतात. शाश्वत शेतीचं संशोधन जगभर चाललं आहे. ते इथल्या बांधावर पोचलं की त्याचं काय होतं, हे मला पाहायचं होतं. त्यासाठी मी वैशाखापासून श्रावणापर्यंत या मार्गावर येत-जात राहिले.

काळे चौकोन

राब म्हणजे रोपांच्या जागेची भाजणी. आधी शेणाचा थर, त्यावर आईनाच्या वगैरे झाडांची तोडलेली कवळं, त्यावर गवत आणि पालापाचोळा, आणि सगळ्यात वर बारीक मातीचं पांघरूण. आग वाऱ्याच्या उलट बाजूने लावायची, म्हणजे ती धावत नाही, रांगत जाते. वरची दोन-तीन बोटं माती भाजून निघते, तणाचं बी मरतं, राखेतून पालाश मिळतं. पहिल्या पावसाला त्या काळ्या चौकोनात फेकलेलं भात तरारून वर येतं आणि लावणीसाठी रोपांचं आवण तयार होतं.

या चौकोनांनी एके काळी सरकारला जागं केलं होतं. १८८५ मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या जंगलविषयक तक्रारी ऐकायला मुंबई सरकारला आयोग नेमावा लागला. राबासाठी कवळं तोडण्याचा हक्क हा त्यातला मोठा वाद होता. वनखात्याला झाडांची छाटणी दिसत होती, शेतकऱ्याला पोटाचं भात. पुढे १९१२ मध्ये हॅरॉल्ड मान, एन. व्ही. जोशी आणि एन. व्ही. कानिटकर यांनी राबावर स्वतंत्र शास्त्रीय प्रबंधच लिहिला. अडाणीपणा म्हणून राब मोडीत न काढता तो काय करतो, हे त्यांना प्रयोगशाळेत समजून घ्यायचं होतं. शंभर वर्षांपूर्वीची ही वृत्ती मला फार मोलाची वाटते.

आज कृषी विद्यापीठ न भाजता गादीवाफ्यावर रोपं करायला सांगतं, आणि ते बरोबर आहे. धूर कमी होतो, शेण आणि पाला न जळता मातीत जातो. तरी राबामागची जाण विसरण्यासारखी नाही. भात जमिनीतून काहीतरी उचलून नेतं आणि ते परत द्यावं लागतं, हे या लोकांना ठाऊक होतं. त्यांनी ते डोंगरावरच्या झाडांकडून आणून दिलं. मावशींची पाटी वांगणीला उतरली, पण एक प्रश्न माझ्याबरोबर कर्जतपर्यंत आला: शेतातून जे निघून जातं, त्यातलं शेताला परत काय मिळतं?

कर्जतची चार सूत्रं

कर्जतचं भात संशोधन केंद्र १९१९ चं. आज ते दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचं प्रादेशिक केंद्र आहे. कर्जत-३, कर्जत-७, कर्जत-१८४, सह्याद्री संकरित भात ही नावं इथल्या शेतकऱ्याच्या तोंडी घरच्या माणसांसारखी असतात. "यंदा एकशे चौऱ्याऐंशी टाकलाय," असं म्हटलं की बाकीच्यांना कळतं, याचं भात लवकर निघणार.

पण वाणांपेक्षा मला ओढ होती ती डॉ. नारायण सावंत यांच्या 'चारसूत्री' पद्धतीची. पहिलं सूत्र म्हणजे भाताचे अवशेष भातालाच परत द्यायचे. तुसाच्या राखेत ८५ ते ९० टक्के सिलिका असते. तुसाची काळी राख रोपवाटिकेत मिसळली की रोप टणक होतं आणि खोडकिड्याला त्याचं खोड पोखरणं जड जातं. दुसरं सूत्र गिरिपुष्पाचा हिरवा पाला चिखलात गाडण्याचं. तिसरं, लावणी दोरीवर, आळीपाळीने १५ आणि २५ सेंटिमीटर अंतर सोडून. चौथं, त्यामुळे जवळ आलेल्या चार चुडांच्या, म्हणजे रोपांच्या जुड्यांच्या, मधोमध युरिया-डीएपीची एक ब्रिकेट बोटाने खोल दाबायची.

ती खोल का दाबायची, यात सगळं गुपित आहे. खाचरात फेकलेल्या युरियातला साधारण तिसरा हिस्साच पिकाला मिळतो. बाकीचा काही वायू होऊन उडतो, काही पाण्याबरोबर बांध ओलांडून नदीला मिळतो. वरच्या पातळ थरात प्राणवायू असतो, तिथे अमोनियमचं नायट्रेट होतं आणि ते पुढे निसटतं. सात-दहा सेंटिमीटर खाली प्राणवायू नसतो. तिथे ठेवलेलं अमोनियम मातीला धरून राहतं आणि मुळं येऊन ते हळूहळू खातात. खत निम्म्याच्या जवळपास वाचू शकतं.

मग सगळे हे का करत नाहीत? उत्तर वांगणीजवळच्या एका खाचरात मिळालं. लावणीला सात बाया होत्या, सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या. त्यांच्या सुना अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत किंवा बदलापूरच्या इमारतींत कामाला जातात. आधीच वाकून लावणी, आणि वर प्रत्येक चौकटीत एक गोळी दाबत जायचं. एक बाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, गोळी चांगली हाय, पन कंबर कुनाची?" कागदावर चोख उतरलेलं संशोधन गावात कुठे अडतं, ते त्या एका वाक्यात आलं.

चिखलाखाली काय चालतं

लावणीआधी चिखलणी होते. औत किंवा पॉवर टिलर फिरवून मातीचा लोण्यासारखा गारा करायचा. त्याने तण दबतं, पाणी धरून ठेवलं जातं, रोप खोचायला सोपं जातं. त्याबरोबरच वीतभर खाली एक घट्ट थर तयार होतो. भाताला तो फायद्याचा, कारण पाणी खाली मुरत नाही. पण भात कापल्यावर त्याच ओलीवर कडवे वाल पेरले की त्यांची मुळं या थराला टेकून थांबतात. कोकणातल्या शेतकऱ्याने हा थर शतकानुशतकं स्वतःच्या हाताने बनवला आहे.

पाण्याखालच्या मातीत प्राणवायू संपला की काही सूक्ष्मजीव सेंद्रिय द्रव्यापासून मिथेन बनवतात. भाताच्या काडीत हवेच्या पोकळ्या असतात. पानांकडून हवा मुळांकडे नेण्यासाठी निसर्गाने केलेली ही सोय आहे. त्याच वाटेने मिथेन उलटा वर येतो आणि हवेत जातो, म्हणजे प्रत्येक काडी ही एक बारीक चिमणीच. माणसाच्या व्यवहारांतून निघणाऱ्या मिथेनपैकी सुमारे ८ ते १० टक्के भातखाचरांतला आहे. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरतो, पण साधारण बारा वर्षांत विरून जातो. म्हणून शास्त्रज्ञांचा याच्यावर डोळा आहे: आज कमी केला तर फळ आपल्या हयातीत दिसेल.

फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने यावर साधा उपाय रुजवला. खाचरात भोकांची नळी पुरायची, पाणी जमिनीखाली १५ सेंटिमीटर उतरेपर्यंत थांबायचं, मग पुन्हा पाणी द्यायचं. या ओल्या-सुक्या पाळीने मिथेन तीस टक्क्यांहून जास्त घटतो आणि पाणीही वाचतं. पण आषाढात बदलापूरला उभं राहून पाहा. २०१९ च्या जुलैमध्ये याच उल्हासच्या पुरात बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली होती आणि हजारभर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं होतं. अशा पावसात खाचर सुकवणार कोण? ही नळी इथे उन्हाळी भाताला उपयोगी पडू शकते. भिवपुरीच्या टाटा वीजकेंद्रातून सुटलेल्या पाण्यावर राजनाला कालवा चालतो, त्याच्या खालच्या शेतांत. तिथेही अडचण माणसांची आहे. पाळीचं पाणी आलं असताना कोण नाही म्हणेल? पुढची पाळी वेळेवर येईल याची खात्री असेल, तरच शेतकरी शेत सुकू देईल.

नेरळजवळचा न नांगरलेला वाफा

कंबर आणि चिखल या दोन्ही अडचणींवर एक उत्तर नेरळजवळ मालेगावच्या सगुणा बागेत उभं राहिलं. चंद्रशेखर भडसावळे यांनी तिथे रुजवलेल्या पद्धतीला सगुणा भात तंत्र म्हणतात. लोक नुसतं 'एसआरटी' म्हणतात. एकदाच गादीवाफे करायचे आणि ते पुन्हा मोडायचे नाहीत. लोखंडी साचा वाफ्यावर दाबला की २५ बाय २५ सेंटिमीटरवर भोकं पडतात. प्रत्येक भोकात तीन-चार दाणे. चिखलणी नाही, आवण नाही, लावणी नाही. भात कापलं की बुंधा आणि मुळं मातीतच ठेवायची, आणि त्याच वाफ्यावर पुढचं पीक टोकायचं.

श्रावणातल्या पावसात मी असा वाफा पाहिला. दोन वाफ्यांमधल्या सरीतून गढूळ पाणी वाहत होतं, वाफा मात्र भुसभुशीत. बोट सहज आत गेलं. जुन्या मुळांच्या पोकळ्या राहिल्या होत्या, हवा आणि पाणी खाली जाण्याच्या वाटाच त्या. गांडुळांच्या विष्ठेचे बारीक मणी सगळीकडे पसरले होते. नांगर फिरला की गांडुळाचं घर मोडतं, हे वाचलं होतं; न मोडलेलं घर पहिल्यांदा पाहिलं.

या पद्धतीने मी भारावून गेले, हे कबूल करते. म्हणूनच तिच्याविषयीचे कठीण प्रश्न टाळून चालणार नाही. २०१५ साली 'नेचर'मध्ये जगभरातल्या ६१० अभ्यासांचा एकत्र विचार झाला. नांगरट बंद केली तर उत्पन्न एकंदर सरासरी ५.७ टक्क्यांनी घटतं, पण अवशेष शेतात ठेवले आणि पिकांचा फेरपालट केला की ती घट बरीच भरून निघते. त्याच्या आदल्या वर्षी डेव्हिड पॉलसन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की बिननांगरटीत कार्बन प्रामुख्याने वरच्या थरात गोळा होतो, त्यामुळे हवामानाचा प्रश्न एवढ्याने सुटेल असं समजू नये. दुसरा प्रश्न तणनाशकाचा. या तंत्रात कापणीनंतर बुंध्यांवर ग्लायफोसेट फवारलं जातं. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते 'माणसात बहुधा कर्करोगकारक' गटात घातलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने त्याचा वापर परवानाधारक कीडनियंत्रण चालकांपुरता मर्यादित केला. मग दीड एकराच्या शेतकऱ्याने काय करायचं? माझ्या मते कर्जतच्या केंद्राने आणि दापोलीने सगळ्यात आधी यावरच काम करावं. न नांगरता, न फवारता तण कसं रोखायचं? ओलीवर दाट वाल पेरून, पेंढ्याचं आच्छादन घालून, फिरत्या विळ्याने, की या सगळ्यांच्या जोडीने? इथल्या पावसात, इथल्या मातीत.

गोठ्याचा हिशेब

पेंढ्याचं आच्छादन म्हटलं की लगेच दुसरा दावेदार पुढे येतो. पेंढा गुरांना लागतो. पूर्वी प्रत्येक घरी बैलजोडी असायची. चिखलात न थकणारी ही लहान अंगाची गुरं आज 'कोकण कपिला' या नावाने राष्ट्रीय पातळीवर नोंदलेली जात आहे. नोंद झाली त्या सुमाराला गोठे रिकामे होत होते. पॉवर टिलर भाड्याने मिळतो आणि तो चारा खात नाही. पण तो शेणही देत नाही. बैल गेला त्याबरोबर शेतात परत येणारं खतही गेलं, याची नोंद कुणी केली नाही.

शेण कुठे साठतंय ते पाहायला अंबरनाथ-उल्हासनगरच्या कडेचे तबेले पाहावे. वीस म्हशींचा तबेला घ्या. एका म्हशीचं रोजचं शेण पंधरा-वीस किलो, म्हणजे तीन-चारशे किलो. एक किलो ताज्या शेणातून साधारण ४० लिटर गोबरगॅस निघतो. एवढ्या शेणातून दोन-तीन दिवसांत घरगुती सिलिंडरएवढं इंधन मिळेल आणि मागे राहिलेली स्लरी उत्तम खत. मी पाहिलेल्या तबेल्यात मात्र रोज पाइपने पाणी मारून शेण गटारात सोडलं जात होतं. मालकाला विचारलं तर म्हणाला, शेत माझं नाही, खत घेऊन जाणारा येत नाही, टाकीला जागा नाही. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. वीस किलोमीटरवरचा शेतकरी युरियाच्या गोणीसाठी रांगेत होता, आणि इथे नत्र गटारातून वालधुनीकडे चाललं होतं.

भाभा अणुसंशोधन केंद्राच्या डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेल्या बायोगॅस प्रकल्पाचं नाव 'निसर्गऋण' आहे. नेरळच्या वरच्या डोंगरावर, माथेरानला, असा प्रकल्प उभारला गेला. शास्त्रज्ञाने आपल्या यंत्राला ऋणाचं नाव द्यावं, ही गोष्ट मला पुन्हा पुन्हा आठवत राहिली. असे प्रकल्प तबेल्यांच्या गटासाठी उभारायला तंत्र अपुरं पडत नाही. अडतं ते शेण कुणी गोळा करायचं, कुणी वाहायचं आणि पैसे कुणी द्यायचे यावर. हा विषय नगरपालिकेच्या सफाई खात्याचा मानायचा की कृषी खात्याचा, हेच ठरलेलं नाही.

म्हशीच्या पोटाचाही विचार शास्त्रज्ञ करत आहेत. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पहिल्या पोटात तेच मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव असतात आणि ढेकरेतून गॅस बाहेर पडतो. खाद्यातल्या ऊर्जेचा सहा टक्क्यांच्या आसपास भाग असा वाया जातो, म्हणजे मालकाच्या खिशातूनच जातो. बंगळूरच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेने 'हरित धारा' नावाचं पूरक खाद्य तयार केलं. त्याने मिथेन १७ ते २० टक्के कमी होतो. पण इथल्या गोठ्याला त्याआधी एक जुनी, स्वस्त गोष्ट उपयोगाची आहे. भाताच्या पेंढ्यात सिलिका जास्त, प्रथिनं अगदी कमी. शंभर किलो पेंढ्यावर चार किलो युरिया पन्नास-साठ लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडायचा, ढीग दाबून हवाबंद झाकायचा आणि २१ दिवस ठेवायचा. अमोनियाने काडीचे धागे सैल होतात, प्रथिनांचं प्रमाण जवळपास दुप्पट होतं. जनावर कमी चाऱ्यात जास्त दूध देतं आणि लिटरमागे मिथेन घटतो. मोजमाप चुकलं किंवा युरिया नीट विरघळला नाही तर मात्र विषबाधा होते, म्हणून हे पशुवैद्यकाने गोठ्यात उभं राहून शिकवायला हवं. पत्रक वाटून हे काम होत नाही.

परत येणारं पाणी

परतीच्या वाटेवर अंबरनाथला उतरले. १०६० सालच्या शिवमंदिराला लागून वालधुनी वाहते. काकोळ्याच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी इथून उल्हासनगरात शिरते आणि कल्याणला उल्हासला मिळते. वाटेत घरांचं आणि कारखान्यांचं सांडपाणी तिच्यात येतं. उल्हास आणि वालधुनीसाठी वनशक्ती संस्थेने हरित लवादापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागितली आहे. मंदिराच्या पायऱ्यांवर बसून मी नदीकडे पाहत होते आणि माझा सगळा हिशेब उलटत होता. तीन महिने मी विचारत होते, शेताला परत काय मिळतं. इथे कळलं, परत येणारं सगळंच चांगलं नसतं.

शहराच्या कडेला नाल्यालगत पालक, माठ, मेथी पिकते. सांडपाण्यात नत्र-स्फुरद असतं, भाजी हिरवीगार येते. त्यात कॅडमियम, शिसं असेल तर पालेभाजी ते फळभाजीपेक्षा कितीतरी जास्त शोषते. धुऊन फक्त बाहेरची घाण जाते, पानाच्या आतलं तसंच राहतं. भातात तर गुंता आणखी आहे. पाणी साठलेल्या खाचरात कॅडमियम गंधकाशी बांधलं जाऊन अडकतं, पण आर्सेनिक मोकळं होतं. खाचर सुकवलं की उलट: आर्सेनिक अडकतं, कॅडमियम दाण्यात जातं. म्हणजे मिथेन कमी करायला शेत सुकवायचं म्हटलं तर आधी त्या शेताची माती आणि पाणी तपासायला हवं. एका खाचराला बरोबर असलेला सल्ला पाच किलोमीटर खालच्या खाचरात घातक ठरू शकतो. सुकवल्यावर नायट्रस ऑक्साइडही वाढतो, आणि त्याची उष्णता धरण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट. जो सल्लागार एकच आकडा दाखवतो, त्याच्यावर माझा विश्वास उरलेला नाही.

मोहन्याच्या बंधाऱ्यावर जलपर्णीचं हिरवं छप्पर पसरतं. नदीत गेलेलं नत्र-स्फुरदच ते, आपण फेकलेलं. ती काढून खत करावी असं सुचवलं जातं. कल्पना चांगली आहे, पण जलपर्णी धातूही ओढून घेते. तपासल्याशिवाय तिचं खत खाण्याच्या पिकाला देऊ नये. नदी उगमाकडे स्वच्छ ठेवली तर ही तपासणी लागणारही नाही, आणि तो खर्च शेतकऱ्याचा नाही, वरून सांडपाणी सोडणाऱ्यांचा आहे.

पाच गुंठे

शेवटची फेरी बदलापूरपलीकडे, बारवीच्या रस्त्यालगतच्या एका गावात. बांधावर जांभळाची जुनी झाडं आहेत; बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून त्यांच्याकडे पाहण्याची नजर बदलली आहे. एका बाजूला खाचर, दुसऱ्या बाजूला प्लॉटिंगचे पांढरे दगड. शेताचे मालक साठीचे. नाव छापू नका म्हणाले, कारण भावांमध्ये जमिनीचा वाद चालू आहे. पाऊण एकरात त्यांनी यंदा पाच गुंठ्यांवर गादीवाफे केले आणि बाकी लावणी. मुलगा डोंबिवलीला नोकरीला आहे. त्याने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला आणि साचा भाड्याने आणून दिला.

"तण जास्त आलं," ते सरळ म्हणाले. दोनदा बेणणी करावी लागली. फवारलं नाही, कारण शेजारच्या विहिरीचं पाणी प्यायला जातं. भात लावणीच्यापेक्षा थोडं विरळ दिसत होतं, फुटवे मात्र जास्त होते. त्यांनी दोन्हीकडचा एक-एक चूड हातात धरून मला मोजायला लावलं. वाफ्यावरच्या चुडात सव्वीस, लावणीच्यात अकरा. "चूड विरळ हाय ना, म्हनून फुटतंय. येका चुडाचं काय? झोडल्यावर बोलू," असंही तेच म्हणाले.

मी विचारलं, कापणीनंतर मुळं ठेवणार का? ते बराच वेळ बांधाकडे पाहत राहिले. भात निघालं की गावातली गुरं मोकाट सुटतात, ती वाल ठेवत नाहीत, आणि एकट्याने कुंपण घालायचं तर भातापेक्षा महाग. शेजाऱ्याने जमीन विकली, त्याच्या बाजूने तर रानच मोकळं. मग ते सरीत उतरले आणि वाफ्याच्या कडेची मूठभर माती उचलून माझ्या हातावर ठेवली. तिच्यात एक लहान गांडूळ वळवळत होतं. ते त्यांनी दोन बोटांनी उचललं आणि लावणीच्या बाजूच्या चिखलात टाकावं की वाफ्यावर, असा क्षणभर विचार केला. मग वाफ्यावर ठेवलं.

"दिवाळी झाली की या," ते म्हणाले. "वाल टोकायचेत. कुंपनाला साड्या जमवतोय."